उत्तम शुक्रवारी बारा ते तीन, आणि खिशातला मोबाईल

पंचगंगेकाठचा

सर्वांना सलाम.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, होऊन चार दिवस झाले, पण एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून धागा काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या मंडळीत दरवर्षीप्रमाणे दुपारी बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना होती. कोल्हापुरातलं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे. चर्च गच्च भरलेलं, मागं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या. दोनच्या सुमारास वीज गेली. पंखे थांबले, माईक बंद पडला, कीबोर्डही बंद. पाळकसाहेब पाचव्या उद्गारावर बोलत होते, "मला तहान लागली आहे." ते थांबले नाहीत, तसेच बोलत राहिले. त्यांचा आवाज मुळात बारीक. ऐकू यावं म्हणून माणसं हळूहळू पुढं झुकली. सगळं चर्च एका बाजूला कललंय असं वाटत होतं. कडेवरची पोरंसुद्धा गप्प झाली. इतकी शांतता मी त्या इमारतीत कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती.

त्या वेळी मी काय करत होतो? वीज कधी येणार याचा काही मेसेज आलाय का, हे गल्लीच्या ग्रुपवर बघत होतो. तो बघता बघता बोट भलतीकडं पडलं आणि भाच्यानं पाठवलेला व्हिडिओ सुरू झाला. आवाज मोठा होता. सिनेमातल्या गाण्याचा ठेका चर्चभर वाजला. बंद करायला मला चार-पाच सेकंद लागले असतील. शेजारी एक वयस्कर मावशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, काही बोलल्या नाहीत. नुसते डोळे मिटून घेतले.

माझा प्रभू तहानेनं व्याकूळ आहे, आणि माझ्या हातात ते.

मी तरुण संघात मोबाईलवर दोनदा बोललोय. आता कुठल्या तोंडानं बोलू, हा प्रश्न आहेच. पण माझा मुद्दा मोबाईलपुरता नाही. मोशेला जळत्या झुडपातून पहिली आज्ञा झाली ती जवळ न येता जोडे काढण्याची. कामगिरी नंतर सांगितली. यशयानं मंदिरात परमेश्वराला पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते हेच, की मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे. आधी थांबणं, मग बोलणं. आपल्यातून हे थांबणंच निघून गेलंय. आता कुठलीच गोष्ट इतकी मोठी राहिली नाही की तिच्यापुढं हात आपोआप जोडले जावेत. मयतीला जावं तर तिथं फोटो. आजारी माणसाच्या उशाशी फोटो. थोरांची थट्टा, देवाची थट्टा, बापाची थट्टा, सगळं पुढं ढकलायला तयार. आणि आपण ख्रिस्ती लोक यातून सुटलोय असं मला वाटत नाही. आपण देवाला 'मित्र' म्हणायला शिकलो, ते चांगलंच झालं. पण तो कोण आहे याचा विसर पडत चाललाय.

याच गावात मी दुसरं चित्रही पाहिलंय. ६ मे २०२२. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतीला शंभर वर्षं झाली म्हणून सकाळी दहा वाजता अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं होतं. मी दसरा चौकात होतो. रिक्षा थांबल्या, केएमटीच्या बस थांबल्या, चहाच्या गाड्यावरचा माणूस हातातलं भांडं तसंच धरून उभा राहिला. आमच्या गावाला गप्प बसणं माहीत नाही म्हणतात, ते खरं नाही. कुणासाठी थांबायचं हे पटलं की कोल्हापूर थांबतं.

हबक्कूकच्या पुस्तकात आहे, परमेश्वर आपल्या पवित्र मंदिरात आहे, सर्व पृथ्वी त्याच्यापुढं स्तब्ध राहो. शब्द तोच आहे, स्तब्ध.

तर तुम्हाला विचारतो. 'देवाचं भय' म्हणजे तुमच्या लेखी काय? आणि मुलांना भेदरवून न टाकता ते शिकवायचं कसं?

ऑर्गनवाला

सलाम. तुम्ही प्रांजळपणे लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार.

मी तीस वर्षं उपासनेला पायपेटी वाजवली. पूर्वी पहिली घंटा झाल्यावर पाळक येईपर्यंतची दहा मिनिटं मी अगदी हलक्या हातानं वाजवायचो आणि माणसं डोकं टेकवून बसायची. त्या दहा मिनिटांत आठवडाभराचा गाळ खाली बसायचा. आता ती दहा मिनिटं केबल जोडण्यात आणि 'हॅलो चेक'मध्ये जातात. शेवटच्या आशीर्वादाला निम्मी माणसं गाडी काढायला बाहेर. आशीर्वाद घ्यायलासुद्धा थांबायचं नाही?

ढोल, ड्रम, रंगीत दिवे यांनी उपासनेचा कार्यक्रम केला आहे. नाताळात तर काही ठिकाणी डॉल्बी लागतो. उज्जाची गोष्ट वाचा, २ शमुवेल ६. बैल अडखळले, त्यानं कराराच्या कोशाला, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीला, हात लावला आणि तो जागीच मेला. देवाच्या वस्तूशी सलगी करायची नसते.

सुगंधा_म

वाचतेय. सगळं पटतंय असं नाही, पण वाचतेय.

राजारामपुरी_९वी_गल्ली

ऑर्गनवाला काका, सलाम. मी ड्रम वाजवतो, म्हणून बोलणं भाग आहे.

तुम्ही दिलेला अध्याय पुढं वाचा. त्याच अध्यायात दावीद कोशापुढं सगळ्या बळानं नाचतो. खिडकीतून त्याची बायको मीखल बघते आणि तिला त्याचा तिरस्कार वाटतो. राजानं असं नाचावं, हे तिला शोभत नव्हतं. एकाच अध्यायात मृत्यूही आहे आणि नाचही. फरक कशात पडला? मी यावर बराच विचार केलाय. पहिल्या वेळी त्यांनी कोश नव्या गाडीवर घातला होता. नियमशास्त्राप्रमाणे तो लेव्यांनी, म्हणजे लेवी वंशातल्या सेवकांनी, खांद्यावर वाहायचा असतो. दुसऱ्या वेळी तो माणसांनी वाहिला. पहिल्या वेळीही वाद्यं होतीच, वीणा होत्या, डफ होते, झांजा होत्या. म्हणजे चूक वाद्यांची नव्हती. ओझं आपल्या खांद्यावर न घेता गाडीवर टाकलं, ती चूक होती.

आमच्या टीममधली पोरं शनिवारी रात्री सरावाआधी अर्धा तास गुडघ्यावर असतात. हे कुणाला दिसत नाही, कारण त्याचं लाइव्ह होत नाही. आणि आवाज कमी असला की आदर जास्त, हेही खरं नाही. गप्प बसलेल्या बाकांवर काय काय चालतं ते मी लहानपणी बघितलंय. मी मान वळवली की मागून चिमटा बसायचा. 'देव बघतोय' हे वाक्य माझ्या लहानपणी फक्त धाक घालायला वापरलं गेलं. माझा एक जवळचा मित्र त्यामुळं चर्च सोडून गेला. त्याला देव म्हटलं की अजून तो चिमटाच आठवतो.

कोल्हापुरातलीच एक गोष्ट सांगतो, आपण ती विसरलोय. रॉयल वायल्डर १८५२ मध्ये मिशनरी म्हणून इथं आले. आपल्या शहरातलं वायल्डर मेमोरियल त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथं कोल्हापुरातच जन्मला. पुढं तो शिकायला अमेरिकेत होता, तेव्हा तो आणि त्याची बहीण ग्रेस, दोघं मिळून प्रार्थना करायचे की विद्यार्थ्यांतून मिशनकार्यासाठी माणसं उभी राहोत. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्याच माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं महिनाभराचं शिबिर झालं आणि त्यातले शंभर जण तयार झाले. पुढं ती फार मोठी विद्यार्थी चळवळ झाली. सुरुवात तरुण भाऊ-बहिणीच्या प्रार्थनेतून झाली. पवित्रतेची तहान तरुणांना नसते असं कृपा करून कुणी म्हणू नका.

धागाकर्त्या काकांना एवढंच सांगतो, की तुम्ही तरुण संघात परत बोला. या वेळी आम्ही जास्त नीट ऐकू.

वारणेचं_पाणी

मी ख्रिस्ती नाही. मित्रानं लिंक पाठवली म्हणून वाचलं.

यंदा आमची जोतिबाची चैत्र यात्राही तुमच्या उत्तम शुक्रवाराच्या आसपासच आली. वर ड्रमवाल्या भावानं खांद्यावरून वाहायचं लिहिलंय, ते काळजाला भिडलं. आमच्या घरची सासनकाठी असते, यात्रेत वाहून न्यायची उंच काठी. वडील म्हणायचे, काठी जड आहे म्हणून तर तोल सांभाळायला माणूस शिकतो. हल्ली निम्मी माणसं काठी धरायच्या आधी व्हिडिओ धरतात. दुखणं तुमचं एकट्याचं नाही.

उद्यमनगर_लेथ

माझं थोडं वेगळं आहे. कडू लागलं तर माफी असावी.

मी एकोणीस वर्षं लेथवर आहे. एका कारखान्यात होतो, नाव सांगत नाही. मालक आपल्यातलेच, रविवारी पुढच्या बाकावर, प्रार्थना सुरू झाली की डोळ्यांत पाणी. आमचा पगार मात्र कधी वीस तारखेला, कधी पंचवीसला. विचारायला गेलं की 'प्रभू चालवेल'. माझ्या मुलीची फी भरायची होती त्या महिन्यात मी बायकोच्या कानातलं गहाण ठेवलं. त्याच महिन्यात त्यांनी चर्चला नवीन साउंड सिस्टिम दान दिली आणि तिच्यावर नावाची पाटी लावली. मी त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतला पाव आणि द्राक्षरस, घेतलं नाही. ताट समोर आलं, पुढं जाऊ दिलं. माझ्या मनात राग होता आणि तसल्या मनानं घेणं मला जमेना.

नंतर मी लेवीय १९ काढून वाचलं. 'तुम्ही पवित्र असा, कारण मी परमेश्वर तुमचा देव पवित्र आहे', हे वाक्य आपण फलकावर लिहितो. त्याच्या खाली काय आहे ते कोण वाचतं? आईबापाचा मान राखा. शेत कापताना कडेचं पीक गरिबाला आणि परक्याला ठेवा. चोरी करू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. पिकल्या केसांच्या माणसापुढं उठून उभे राहा. तराजू खरा ठेवा, वजन खरं ठेवा. आणि तेराव्या वचनात आहे की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका.

म्हणजे देव पवित्र राहा म्हणतो आणि लगेच तराजूवर येतो. शाहूपुरीत गुळाचे सौदे बघितलेत ना? तिथल्या काट्यापाशी देव उभा आहे, असं हा अध्याय सांगतो.

करिंथच्या मंडळीत लोक प्रभुभोजन अयोग्य रीतीनं घेत होते. प्रेषित पौल त्यांना का रागावला? इतरांची वाट न बघता पैसेवाले जेवून मोकळे व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. अनादर तिथं होता. मोबाईल वाजला तर पाच सेकंदांत बंद होतो. पगार थकला तर महिनाभर थकतो.

पंचगंगेकाठचा

उद्यमनगर, तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं. कडू नाही लागलं. लागलं ते बरोबर जागी लागलं.

आमच्या घराचं वरच्या मजल्याचं काम चालू आहे. गवंड्याचे साडेसहा हजार मी अडकवून ठेवलेत. खिडकीची एक चौकट तिरकी बसलीय, ती सुधारली की देईन म्हणून. चौकटीचा आणि त्याच्या झालेल्या कामाचा तसा संबंध नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. आज संध्याकाळी देऊन येतो.

ऑर्गनवाला

राजारामपुरी, पुढचा भाग मी पुन्हा वाचला. कोश आधी गाडीवर होता आणि नंतर खांद्यावर, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मीखल होण्याची माझी इच्छा नाही. पण ती दहा मिनिटं परत द्या, एवढी विनंती कायम आहे.

तांबडी_माती

'पवित्र' या शब्दावर थोडं बोलते. हा शब्द आपण फार सहज वापरतो. माझ्या घरात तो सहज नव्हता.

माझ्या पणजोबांच्या लहानपणी गावात 'पवित्र' म्हणजे काय, तर जिथं आपण जायचं नाही ते. देऊळ पवित्र, लांब उभं राहा. विहीर पवित्र, वरून कुणीतरी ओतेल तेव्हा ओंजळीत घ्या. पवित्रपणा हा आपल्या सावलीनं बिघडणारा होता. त्याच काळात याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. एका राजानं तो कप ओठाला लावला यानं काय बदललं, हे आमच्या घरातल्या जुन्या माणसांना कुणी समजावून सांगावं लागायचं नाही.

म्हणून चर्चमध्ये कुणी 'आदर राखा, पावित्र्य राखा' म्हणालं की माझ्या पोटात आधी गोळा येतो. हे कोणतं पावित्र्य? सोवळ्याचं असेल तर मला नको.

पण शुभवर्तमान वाचताना मला एक गोष्ट दिसली आणि तिच्यामुळंच मी आजही त्या बाकावर बसते. सोवळं शिवलं की विटाळतं. येशू शिवतो तेव्हा उलटं होतं. मार्कच्या पहिल्याच अध्यायात कुष्ठरोगी येतो आणि येशू हात पुढं करून त्याला स्पर्श करतो. येशू अशुद्ध होत नाही, तो माणूस शुद्ध होतो. पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीत मागून येऊन वस्त्राला हात लावते. नियमाप्रमाणे तिचा स्पर्श म्हणजे विटाळ. येशू थांबतो, शोधतो, आणि तिला 'मुली' म्हणतो. पवित्रता त्याच्याकडून तिच्याकडं वाहते. आणि तो मेला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला.

तरीही ती बाई थरथर कापत पुढं आली आणि पाया पडली, असं मार्कनं लिहिलंय. ती बरी झाल्यानंतर कापत होती. हा थरकाप हाकलून दिल्याचा नव्हता, जवळ घेतल्याचा होता. मला वाटतं देवाचं भय ते हेच. ज्यानं मला लांब ठेवायला हवं होतं, त्यानं मला शिवलं, मग मी कशी वागू, हा प्रश्न.

आमच्या आजीचा प्रभुभोजनाच्या रविवारी कडक नियम होता. आदल्या दिवशी कुणाशी अबोला असेल तर जाऊन बोलून यायचं. एकदा सख्ख्या जावेकडं ती रात्री नऊला गेली होती, हातात भाकरी घेऊन. तिला कुणी हे नियमशास्त्र म्हणून शिकवलं नव्हतं. एकाच ताटातून घ्यायचं, तर मनात भिंत कशी ठेवायची, इतकंच ती म्हणायची.

सुगंधा_म

ताई, भाकरी घेऊन गेलेली आजी आता डोळ्यांसमोरून हलणार नाही.

फळा_आणि_खडू

मुलांना कसं शिकवायचं, हा धागाकर्त्यांचा प्रश्न मागं पडला. मी संडे स्कूलमध्ये शिकवते, आठवड्यात मराठी शिकवते.

मुलांना मी एकदा विचारलं, तुम्ही वडिलांना काय म्हणता? बरीच मुलं 'तुम्ही' म्हणणारी निघाली. पाळकांना 'तुम्ही', सरांना 'तुम्ही'. मग देवाला काय म्हणता? सगळी एकदम ओरडली, 'तू'. असं का? वर्ग गप्प झाला. एक मुलगी म्हणाली, आईला पण आम्ही तूच म्हणतो.

मराठीत सगळ्यात जवळच्या माणसाला 'तू' म्हणायचं आणि देवालाही 'तू'च. मग त्याला अहोजाहो न करता मान द्यायचा कसा? प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत उत्तर आहे. पहिलं येतं 'बापा' आणि लगेच 'तुझे नाव पवित्र मानले जावो'. एका श्वासात दोन्ही. आम्ही त्या दिवसापासून वर्गात ती प्रार्थना म्हणताना पहिल्या वाक्यानंतर थांबतो. मी मनात दहापर्यंत मोजते. पहिल्यांदा पोरं हसली, चुळबुळली. आता त्यातलीच काही मला खुणेनं सांगतात की लवकर झालं, अजून थांबा. इतकंच करते. धाक घालत नाही.

निवृत्त_सिस्टर

माझी सगळी नोकरी मिशन दवाखान्यांत गेली, बरीचशी मिरजेला.

डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं दवाखाना उभा केला, तेव्हापासूनच्या जुन्या रीती आमच्यापर्यंत आल्या होत्या. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना व्हायची. हात कोपरापर्यंत धुऊन, वर धरून सगळे उभे. कुठं टेकायचं नाही, कशाला शिवायचं नाही. रुग्ण कुठल्याही धर्माचा असो, त्याचं नाव घेऊन दोन वाक्यांची प्रार्थना. मग सुरी. पुढं यशया वाचताना मला नेहमी ते वर धरलेले ओले हात आठवायचे.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. मी शिकाऊ होते तेव्हा रात्रपाळीत एक म्हातारा वारला. बेवारस. रस्त्यावरून आणलेला, अंगाला वास, केसांत जटा. मला वाटलं, पटकन चादरीत गुंडाळून पाठवून द्यावं. आमच्या वरिष्ठ सिस्टरनं कोमट पाणी मागवलं. ती त्याच्याशी बोलत बोलत त्याला पुसू लागली, 'बाबा, आता हात उचलते हं', 'बाबा, कूस बदलूया.' प्रत्येक बोट वेगळं पुसलं. नखं कापली. पायाच्या भेगांतली माती काढली. पाऊण तास लागला. वॉर्डात सगळे झोपलेले, बघायला कुणीही नव्हतं. मी रडायला लागले, तर मला म्हणाली, "कात्री दे."

देवाच्या प्रतिरूपाचा माणूस केला, असं उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे. ते मी त्या रात्री पाहिलं. आता रुग्णाच्या खाटेशी उभं राहून कुणी फोटो काढताना दिसलं तर मी फोटोला नाही म्हणत नाही. म्हणते, आधी त्यांचा हात हातात घ्या. हात धरला की मोबाईल आपोआप खाली जातो.

पंचगंगेकाठचा

सिस्टर, सलाम. यावर काही बोलवत नाही.

मनुकावाली

मला लिवाय जमत न्हाई, नात टाईप करतीया. मी बोलल तसंच लिव म्हनलंय.

मी बावीस वरसं आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची तयारी करते. शुक्रवारी रात्री काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या. शनिवारी त्याच पान्यात उकळायच्या, थंड झाल्या की कुस्करायच्या आन् पातळ फडक्यातनं दोनदा गाळायच्या. घाईत पिळलं की रस गढूळ येतो. म्हनून पिळायचं न्हाई, फडकं टांगून ठिवायचं, थेंब थेंब पडू द्यायचं. तवर मी पाव कापते. कडा काढायच्या, मग बारके चौकोन. डोक्यावर पदर घेते. कुनी सांगितलं न्हाई घ्यायला, मला बरं वाटतं.

कापताना मी नावं घेते. ह्यो तुकडा अमक्याला, त्यो पोरगा दारू पितोय. ह्यो तमकीला, तिचा नवरा गेला. कुनाला कुठला तुकडा जायचा त्ये मला काय ठावं? पन नावं घेते. दोनशे तुकडं, दोनशे नावं. कुनाचा राग आला आसंल तर त्याचं नाव घेताना सुरी थांबती, मग तितं जरा बसते, आन् मगच फुडं.

चुरा ऱ्हातो त्यो टाकत न्हाई. भिंतीवर ठिवते, चिमण्या येत्यात. रविवारी पेले धुवायला दोघी-तिघी आसायच्या, आता मी एकलीच ऱ्हायलीय. गुडघं दुखत्यात. देवाचं भय म्हनजे काय त्ये मला सांगता येत न्हाई. पन त्यो रस गळताना मी रेडिओ लावत न्हाई, कुनाशी बोलत न्हाई. येवडंच.

उत्तम शुक्रवारी ज्यांचा मोबाईल वाजला त्यांनी लई मनाला लावून घिऊ ने. माझं डोळं मिटलं त्ये तुमचा राग आला म्हनून न्हाई. उकाड्यानं घेरी आल्यासारखं झालतं.

राजारामपुरी_९वी_गल्ली

म्हणजे तुम्हीच त्या शेजारच्या मावशी!

पंचगंगेकाठचा

मावशी, मी इथं चार दिवस तुमचे मिटलेले डोळे घेऊन बसलो होतो, आणि तुम्हाला घेरी येत होती. मी पाणी तरी विचारायला हवं होतं. बाटली माझ्या पिशवीतच होती.

गवंड्याचे पैसे मंगळवारीच दिले. तो म्हणाला, चौकट शनिवारी सकाळी सुधारून देतो.

मावशी, पुढच्या प्रभुभोजनाला पेले धुवायला मी येतो. पाव कापायलाही येईन, तुम्ही शिकवलंत तर.

ऑर्गनवाला

पेले पुसायला मीही येतो. वाजवणारी बोटं आहेत, काच फुटणार नाही.

राजारामपुरी_९वी_गल्ली

आमच्या टीमचा सराव सातला असतो. आम्ही चार जण सहाला येऊ, भांडी उचलायला.

मनुकावाली

या की. शनिवारी दुपारी चारला, चर्चच्या मागल्या दारानं. सुरी हाय, पाटी हाय. फडकं तेवडं नवं लागंल, जुनं इरलंय. बारीक सुती आना, रंगीत नगं, रंग उतरतो.

आन् बोलायचं काय आसंल त्ये रस टांगायच्या आदी बोलून घ्या.